बिज्जूची चरबी आणि माझा गुडघा

हसा, हसा! पण तुम्हाला सांगतो, लंगडायचं सोंग करायलाही अक्कल लागते, आणि ती मला असती तर अख्ख्या बिश्केकमध्ये लंगडायला मला नेमकी तीच जागा सापडली असती?... जिथं शिकलीसवरलेली माणसं दिवसभर एवढंच बघतात, की कोण कसं चालतं!

झालं काय, निवड चाचणीत माझी कुस्ती लागली ओश शहरातल्या दूलतशी. मागच्या साली त्यानं मला असा आपटला होता, की आमच्या आईनं मिटलेले डोळे पुढची जोड सुटल्यावर उघडले. घाबरलो! सरळ सांगतो, घाबरलो. आणि आमचे वस्ताद ताश्तानबेक, त्यांना आम्ही आगाय म्हणतो, त्यांना म्हटलं, "आगाय, गुडघा गेला." आणि गुडघा तर ठणठणीत होता हो!

बरं, त्यांनी ओरडावं की नाही? छे! कोटाच्या आतून बरणी काढली. "नारीनहून भावानं धाडलीय. बिज्जूची, त्या बिळात राहणाऱ्या जनावराची, चरबी. वर्षातनं एकदाच येते बाळा, रोज चोळ." आणि पहिल्या दिवशी स्वतः चोळली. साठीचा माणूस, माझा पाय मांडीवर घेऊन! मी आपला "आई गं" म्हणतोय... आणि गुडघा ठणठणीत!

वर म्हणतात, "नुसता बसून काय करशील? अकादमीत खेळाडूंची हालचाल मोजतात, तिथं तीन महिने उमेदवारी कर. मी शब्द टाकतो." टाकला की हो!

तिथल्या प्रमुख गुलझान एजे, एजे म्हणजे आमच्याकडची ताई. माझं काम काय? तर खेळाडूंच्या पायांचे केस भादरायचे, सांध्यांवर चकचकीत गोळ्या चिकटवायच्या, मग ते जमिनीत बसवलेल्या पोलादी पाटीवरून चालणार, आणि कुठल्या पायावर किती भार, ते पडद्यावर उमटणार. मी त्या पाटीला रोज वळसा घालून जायचो, लंगडत.

"तू पाटीवरून का नाही रे जात?"

"एजे, बूट मळलेत."

"रोज?"

"...रोज."

आणि एक दिवस आगाय दारात! हातात सफरचंदांची पिशवी. "गुलझान, आमच्या पोराचा गुडघा मोज की!" झालं! चाललो. काय लंगडलो म्हणून सांगू, नाटकवाल्यांनी उचलून नेलं असतं. एजेंनी पडदा पाहिला, मला पाहिलं, आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, "भार दोन्ही पायांवर सारखाच आहे. लंगडतंय ते फक्त तोंड."

कळावं की नाही माणसाला? आगायनी मला मिठीच मारली. डोळ्यांत पाणी! "म्हणजे बरा झाला! चरबी लागू पडली!" धरणीनं पोटात घ्यावं म्हणतात ना... पण खाली पोलाद!

आनंदाच्या भरात स्वतःच चढले पाटीवर. "माझंही बघ." पडद्यावर काय? उजव्या पायावर अख्खा माणूस, डाव्यावर नुसता बूट.

एजे घाबरल्याच. "आगाय, हे कधीपासून?"

"झाली वीस वर्षं. हिवाळ्यात चरबी चोळतो, भागतं."

"मग या हिवाळ्यात?"

"या हिवाळ्यात त्याला दिली ना! मला कुठं कुस्त्या मारायच्यात?"

इतकी लाज मला दूलतनं आपटल्यावर नव्हती वाटली. रडूच फुटलं. एका पायाचे केस भादरून बसलेला मुष्टियोद्धा टकामका बघतोय आणि मी सांगतोय, "आगाय, गुडघा ठणठणीत होता. पहिल्यापासून. मी दूलतला भ्यालो."

आगाय बाकावर टेकले, डावा पाय हातानं उचलून सरळ केला. मग म्हणाले, "म्हणजे चोळली नाहीस तू?"

"नाही."

"म्हणजे बरणी भरलेली असेल!"

काय तो चेहरा उजळला हो... तिथंच मेलो मी! कारण त्या चरबीत आम्ही वसतिगृहात बटाटे तळले होते. अख्खी बरणी संपवली! चार पोरांनी बोटं चाटून खाल्ले. सांगितलं... आता काय लपवायचं?

आगायनी विचारलं, "चांगले झाले होते का रे?"

"...हो, आगाय."

"हं." माझा खांदा धरून उठले, सगळा भार माझ्यावर. "शनिवारी दूलतशी खेळायचं. निरोप मी धाडतो."

आता शनिवारी तो मला आपटणार, यात शंका नाही. गुडघाही बहुतेक या वेळी खराच जाणार. आणि आगायना सांगायची सोय नाही, कारण ते काय विचारणार ते मला आत्ताच ऐकू येतंय... "बटाटे आणू?"