पंखा कोण बंद करणार?

आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, विजेच्या बाबतीत भलतेच काटकसरी. कुणी खोलीतून उठलं की ओरडलेच, "पंखा कोण बंद करणार?" "लय लाईट खातं ते," असं त्यांनी बजावलं असतानाही मी गेम खेळायला दुकानातून ग्राफिक्स कार्ड आणलं. कॉम्प्युटरमध्ये बसवलं, तर त्याचे पंखेच फिरेनात! अण्णा टेबलफॅनला देतात तसा धक्का द्यायला झाडूची काडी घेऊन आले. मी घाबरून दुकानदाराला फोन लावला.

तो हसायलाच लागला. "अहो, काम नसलं की वीज वाचवायला ते आपोआप थांबतात. गेम लावून बघा."

गेम लावला, पंखे फिरले. बंद केला, थोड्या वेळानं थांबले.

अण्णांनी काडी खाली ठेवली आणि कार्डाकडे कौतुकानं बघत म्हणाले, "लय गुणाचं हाय! चला, या घरात माझं ऐकणारं कुणीतरी आलं."