शेऱ्याच्या रकान्यातली नावं

मंडळी, पुढे या. पुढच्या खुर्च्या रिकाम्या आहेत. शोकसभेत आणि शाळेच्या वर्गात पुढे बसायला कोणाला आवडत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी या.

मला ओळखत नसतील त्यांच्यासाठी सांगतो. मी दत्ता भाटकर. हायस्कुलात हेडक्लार्क होतो, आता निवृत्त आहे. सुधाकर नागवेकर माझा मित्र. तो गेला त्याला आज चौदा दिवस झाले. सुमनवहिनी समोर बसल्यात. मी काय बोलणार आहे ते मी दुपारी त्यांच्या घरी जाऊन त्यांना सांगितलंय. त्या म्हणाल्या, बोला. म्हणून बोलतोय. नाहीतर आज इथे उभं राहण्याची माझी लायकी नाही. हे विनयानं म्हणत नाही. का ते कळेल तुम्हाला.

माझ्याआधी तिघं बोलले. चांगले बोलले. एकानं सांगितलं की सुधाकररावांचा अमोल ठेवा आपण सगळ्यांनी मिळून जपला पाहिजे. टाळ्या वाजवायची जागा नव्हती, नाहीतर वाजल्या असत्या. मंडळी, ते वाक्य ऐकताना मला शिसारी आली. बोलणाऱ्याची आली, ऐकणाऱ्यांची आली, आणि मान हलवत होतो म्हणून माझीही आली.

सुधाकर कोण होता? राम आळीत घड्याळं दुरुस्त करायचा. तुमच्यापैकी निम्म्यांच्या मनगटावरचं घड्याळ त्याच्या हाताखालून गेलंय. पण दुकानातला सुधाकर वेगळा, आणि मांडवीच्या घरी माडीवरचा वेगळा. माडीवर आगगाड्या होत्या. खेळण्यातल्या म्हटलं की त्याला राग यायचा. खऱ्या गाडीच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढी प्रत्येक गोष्ट. इंजिनं, डबे, सिग्नल, फाटक. प्लायवूडचं मोठं टेबल, त्यावर जांभ्याची भुकटी चिकटवून केलेला डोंगर, डोंगरातून बोगदा. दर रविवारी सकाळी साडेनऊला आम्ही सातजण तिथे जमायचो. वहिनी पोहे द्यायच्या आणि म्हणायच्या, सात म्हातारे आणि एक गाडी, बसायला जागा नाही तरी निघाले. पंधरा वर्षं हे चाललं.

आता यादीचं सांगतो, कारण सगळं त्या यादीपाशी आहे.

सुधाकरनं एकच निळा डबा तीनदा मागवला. आधीचा आहे हे विसरला. तिसरं पार्सल उघडलं तेव्हा वहिनींनी तिन्ही डबे जेवणाच्या ताटाशेजारी ओळीनं मांडून ठेवले. दुसऱ्या दिवशी हा माझ्याकडे आला. म्हणाला, "हेडक्लार्क, तू शाळेच्या बाकाखुर्च्यांचं डेडस्टॉक रजिस्टर सांभाळलंस ना? मग माझ्या गाड्यांचं पण कर."

मी म्हटलं, वही नको, आता यासाठी सॉफ्टवेअर मिळतं. संग्रहाची यादी ठेवायचं. नंबर, फोटो, कुठल्या फळीवर, कुठल्या खोक्यात, स्थिती कशी, आणि शेवटी शेरा. भाच्याकडून घालून घेतलं. एक पूर्ण पावसाळा रविवारमागून रविवार आम्ही नोंदी केल्या. तो प्रत्येक इंजिन हातात धरायचा, मी फोटो काढायचो. प्रत्येक फोटोत त्याचा अंगठा आलाय. स्थिती या रकान्यात तीनच पर्याय होते. उत्तम, बरी, खराब. त्यावरून केवढं भांडण. "बरी म्हणजे काय रे? हिचं डावं चाक अडतं, वळणावर कुरकुरते, पण चढावर हिच्यासारखी कोण नाही. हे तुझ्या त्या बरीत कुठे बसवू?" मग ते सगळं शेऱ्यात लिहायचं. मी टंकायचो, तो वाचून बघायचा.

आणि तिथे मी चूक केली. यादी मी आम्हा सातही जणांच्या फोनवर दिली. नुसती बघायची परवानगी देता आली असती. मी बदल करायची दिली. सगळ्यांनी मिळून भर घालावी म्हणून. शाळेत मी कपाटाची किल्ली शिपायाच्या हाती कधी दिली नाही. इथे सहाजणांना दिली.

जूनअखेर सुधाकर रुग्णालयात गेला. जाण्याआधी आमच्या ग्रुपवर त्यानं एक निरोप टाकला. मांडवीची हवा तुम्हाला माहीत आहे. खिडकी उघडली की तोंडावर मीठ येतं. पावसाळ्यात आठवडाभर इंजिन फिरवलं नाही तर आतली मोटर धरते, चाकाला गंज येतो. तो दर रविवारी सुईच्या टोकावर घड्याळाचं तेल घेऊन प्रत्येकाला एकेक थेंब द्यायचा. एकच. त्याने लिहिलं, "मी येईपर्यंत एकेकानं एकेक इंजिन सांभाळा. थेंब द्या, एक फेरी मारा. वहिनी चावी देईल."

काय आलं त्याला उत्तर? हात जोडलेली चित्रं. एका खाली एक, सहा. त्यातलं एक माझं. मांडवीला कोण गेलं? कोणी नाही. पाऊस होता. माझा गुडघा होता. कोणाचा नातू आला होता.

मग दहा-बारा दिवसांनी आमच्यातला एकजण डॉक्टरांना भेटून आला आणि फोनवर सगळ्यांना कळवलं की आता फार दिवसांचं काम नाही. वाईट वाटलं. खरंच वाटलं, खोटं नाही सांगत. मी देवासमोर दिवा लावला.

त्याच दिवशी दुपारी यादीत चार नंबरच्या इंजिनापुढे, शेऱ्याच्या रकान्यात, एक नाव आलं. आमच्यातल्याच एकाचं. नुसतं नाव. पुढे-मागे काही नाही.

कळलं ना, मंडळी? मला कळलं. आम्हा सगळ्यांना कळलं. शाळेत एखाद्याच्या बदलीची बातमी आली की त्याची खुर्ची कोण घेणार हे त्याचा डबा खाऊन व्हायच्या आत ठरतं, तसं. दुसऱ्या दिवशी नऊ नंबरपुढे नाव. मग अकरा, मग बावीस. तीन दिवसांत सगळी चांगली इंजिनं गेली. मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे असतात म्हणतात. हा मेला नव्हता हो. हा तिथे कॉटवर पेज पीत होता.

मी कोणाची नावं घेणार नाही. घ्यायची गरज नाही, यादी आहे आणि कोणी कधी काय लिहिलं ते सॉफ्टवेअर मिनिटासकट दाखवतं. ज्यांनी पहिलं नाव टाकलं ते इथे आहेत. मघाशी ठेवा जपायचं तेच बोलले. त्यांनी माझ्याकडे बघू नये, वहिनींकडे बघावं.

एक नाव मात्र घेतो. सतरा नंबर. काळं, वाफेचं इंजिन. सुधाकरनं आणि मी मिळून दुरुस्त केलेलं, आठ महिने लागले होते. त्याच्यापुढे तिसऱ्या दिवशी, दुपारी एक वाजून चाळीस मिनिटांनी, द. भा. अशी अक्षरं आली. ती मी लिहिली. जेवलो, हात धुतला, पुसला, चष्मा लावला आणि लिहिली. मनाशी म्हटलं, दुसऱ्या कोणी घेण्यापेक्षा मी घेतलेलं बरं, सुधाकरलाही तेच आवडेल. बघा, माणूस स्वतःला किती गोड समजावतो. पूर्ण नाव लिहायची हिंमत झाली नाही. चोरीसुद्धा आद्याक्षरांत केली.

आता ऐका.

चौथ्या दिवशी मी त्याला भेटायला गेलो. तो उशीला टेकून बसला होता, फोन नाकाला लावून. मी जागच्या जागी थिजलो. यादी त्याच्याही फोनवर होती. हे आम्हा सहापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. यादी त्याची, गाड्या त्याच्या, आणि तोच ती बघेल हे आम्ही धरलंच नव्हतं. आमच्या लेखी तो आधीच गेला होता.

मला बघून हसला. म्हणाला, "हेडक्लार्क, बघितलंस काय? सगळ्यांनी वाटून घेतलंनी."

मी हातातली छत्री कॉटला टेकवली.

"मी सांगितलेलं ना, एकेकानं एकेक सांभाळा. मला वाटलं, पावसापाण्याचं कोण जातंय मांडवीला. पण बघ. नावं पण टाकलंनी, म्हणजे दोघादोघांनी एकालाच तेल नको घालायला." आणि मग वहिनींना म्हणाला, "सुमन, तू उगाच नावं ठेवतेस माझ्या माणसांना."

मंडळी, तो एकेक नाव मला वाचून दाखवत होता. कौतुकानं. चार नंबर याने घेतलंन, हां, याचा हात हलका आहे. बावीस त्याने, त्याला सांग की बावीसला तेल मागच्या बाजूनं घाल. मग सतरा आलं. "हे तुझं ना? पुढचं चाक घट्ट आहे, ठाऊक आहे ना तुला? थेंब कमी घे. फिरवलंस काय?"

मी म्हटलं, फिरवलं.

मी हेडक्लार्क होतो, मी आयुष्यात खोटी नोंद केली नाही. आणि मित्राच्या कॉटशेजारी उभं राहून मी म्हटलं, फिरवलं, मस्त चालतंय. तो म्हणाला, बरं झालं. त्यानंतर सहा दिवसांनी तो गेला. सुखानं गेला असं सगळे म्हणतात. गेला खरा सुखानं. पण ते सुख कशाचं होतं ते मला माहीत आहे, आणि आता तुम्हालाही.

तेव्हा तरी मी मांडवीला गेलो असेन, असं वाटेल तुम्हाला. नाही गेलो. लाज वाटली म्हणून नाही गेलो. लाजेनं माणूस सुधारतो हे पुस्तकात. खरी लाज माणसाला घरात बसवते.

दहावं झालं आणि वहिनींना फोन येऊ लागले. वहिनी, मोटारीनं येऊ की खोकं आणू? वहिनी, यादीत माझं नाव आहे, सुधाकररावांनी बघितलंही होतं. हो, असं म्हणणारा निघाला. सुधाकरनं बघितलं, म्हणजे जणू त्याने सही केली.

वहिनींनी मला बोलावलं. माडी उघडली. फळीवरून मी सतरा नंबर उचललं. चाकांवर तपकिरी थर. रुळावर ठेवून वीज दिली, नुसतं गुणगुणलं आणि थांबलं. चार नंबरचं तेच. नऊचं तेच. एका कोपऱ्यात शंटिंगचं बारकं इंजिन होतं, रंग उडालेलं, ज्याच्यापुढे कोणाचंच नाव नव्हतं. ते उचललं तर हाताला बुळबुळीत लागलं. खालची फळी ओली. वास घेतला. खोबरेल.

वहिनी म्हणाल्या, "त्यांनी रुग्णालयातनं सांगितलेलं, याला कोणी घेतलं नाही, याला तू बघ. मी रोज घालत होत्ये. डोक्याला लावतो तेच. चुकलं काय भाऊजी?"

चुकलं होतं. खोबरेल त्यात चिकट होऊन बसतं, सुधाकर असता तर ओरडला असता. मला ते इंजिन साफ करायला दोन दिवस लागले. पण मंडळी, वहिनींना काही येत नव्हतं आणि त्या रोज जिना चढत होत्या. आम्हा सहाजणांना सगळं येत होतं.

मी वहिनींना खरं काय ते सांगितलं. नावं कशासाठी पडली होती, मी काय खोटं बोललो होतो, सगळं. चावी मागायला कोणी आलं नव्हतं हे त्यांना ठाऊक होतंच, पण तो यादी वाचून खूश होता म्हणून त्यांनी ते त्याला सांगितलं नव्हतं. त्यांनी ऐकून घेतलं. मला चहाही विचारला नाही, आणि बरं केलं. मग म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही ती नावं कशाला लिहिलीत ते तुमच्यापाशी ठेवा. ह्यांनी ती जशी वाचली, तशीच मी वाचणार. ज्याचं नाव ज्या इंजिनापुढे, त्यानं दर रविवारी यायचं, तेल घालायचं, गाडी फिरवायची आणि तारीख टाकायची. माडीवरनं एक डबा खाली उतरणार नाही. ज्याला जमत नाही त्यानं नाव खोडावं. पण माझ्यासमोर येऊन खोडावं."

हा त्यांचा निरोप. तो सांगण्यासाठीच मी उभा राहिलो. यादीतली परवानगी मी काढून घेतलीय. आता घरी बसून कोणाला काही पुसता येणार नाही. यादी सगळ्यांना दिसेल, बदल मात्र माडीवरच्या संगणकावर होईल, आणि तिथे पोचायला वहिनींच्या खोलीतून जावं लागतं.

उद्या रविवार आहे. साडेनऊ. पोहे मिळणार नाहीत.

आता उभे राहूया. दोन मिनिटं. फोन बंद करा, आणि यादी उघडून बघायचा मोह होत असेल त्यांनी आधी बंद करा. शेवटी सगळे हात जोडतील. माझे जोडले जाणार नाहीत, गैरसमज करून घेऊ नका. सुधाकर, मी तुला फिरवलं म्हणून सांगितलं ते इंजिन अजून जाम आहे. ते फिरलं की मी तुला नमस्कार करेन.