ह्यांचं प्रेशर

— नको भावोजी, आत नको, इथंच सोप्यावर बसा. चपला तेवढ्या पायरीवरून काढून बाजूच्या खिडकीखाली सारा — हे फिरून येतील ते समोरूनच येणार, आणि धाकट्या भावाच्या चपला ओळखणार नाहीत होय? तळ्यापर्यंत चालायला गेलेत. डॉक्टरांनी सांगितलंय ना, रोज सकाळी चालायचं. खाणीचे ट्रक सुरू व्हायच्या आधी जाऊन येतात, नंतर धुळीत कसला श्वास घेणार? तुम्हाला कळलंच असेल, मुळगावातलं सगळं वास्कोपर्यंत पोचतं — ह्यांना प्रेशर झालंय. वर्गात फळ्यावर लिहीत होते, खडू हातातून पडला, भिंत धरून खाली बसले.

कशानं झालं म्हणून काय विचारता? डॉक्टर म्हणाले, गोळी चालू ठेवा आणि मीठ कमी करा. बरं. लोणचं बंद, पापड बंद, सुके बांगडे बंद. पाववाल्या पोदेराकडून उंडा घ्यायचा नाही, कोंड्याची पोई घ्यायची. विडी सोडली — मामंजी सांगून थकले होते, ती विडी सोडली ह्यांनी! आमटी अळणी, पेज अळणी, आणि एकट्यासाठी वेगळं कोण रांधणार, म्हणून सगळं घरच अळणी. तरी प्रेशर उतरेना. मग डॉक्टरांनी विचारलं, "गोकुळदास मास्तर, मनात काही घेऊन बसलात काय? घरात काही झालंय?" हे म्हणाले, "काही नाही." आणि मी तरी काय सांगायचं — की दोघे भाऊ चवथीला गणपतीसमोर भाषेवरून भांडले? एक म्हणतो मराठी, एक म्हणतो कोंकणी — आणि भांडलात मात्र कोंकणीतच, दोघेही! आता गोव्याचं राज्य झालं, भाषेचा कायदा झाला, आंदोलनात रस्त्यावर आडवी घातलेली झाडंसुद्धा लोकांनी नेऊन चुलीत घातली. तुमचं दोघांचं मात्र — जाऊ दे.

श्वासाचं पण शिकवलंय डॉक्टरांनी. चटईवर बसायचं, डोळे मिटायचे, सावकाश श्वास घ्यायचा, सावकाश सोडायचा, मनात काही आणायचं नाही. बसतात हे. पण मी दारातून बघते ना — ओठ हलत असतात. जप? कसला जप! "यशवंता, तू मला शिकवतोस?" असं चाललेलं असतं. तुमच्याशीच भांडत असतात, भावोजी. डोळे मिटून.

मग आम्ही काय करायचं? सांभाळायचं. रेडिओवर कोंकणी बातम्या लागल्या की मी धावते बंद करायला. आमच्या गौरवीला कॉलेजात कोंकणी गाण्याचं बक्षीस मिळालं, केवढा मोठा कप — तो पोरीनं भाताच्या कणगीत पुरून ठेवलाय, बाबांचं प्रेशर वाढेल म्हणून. शेजारीण मोठ्यानं हसली तरी मी जनेल लावून घेते. हे रागावणार ते मला आधी कळतं, मग मी आधीच हो म्हणते, आधीच गप्प बसते. झोप? मला कसली झोप — ह्यांचा श्वास नीट चाललाय की नाही, ते ऐकत पडते. आणि परवा काय झालं, दवाखान्यात ह्यांच्या शेजारी बसले होते, तर सगळं फिरायलाच लागलं. डॉक्टरांनी ह्यांना गोळ्या आणायला बाहेर पाठवलं नि तो पट्टा माझ्या दंडाला बांधला. बघितलं, परत हवा भरली, परत बघितलं. म्हणाले, "सत्यवतीबाई, तुमचं मास्तरांपेक्षा जास्त आहे." मी म्हटलं, ह्यांना सांगू नका हां डॉक्टर, ह्यांचं वाढेल.

— असं बघता काय? मला वाटलं हसाल. डॉक्टरपण हसले नाहीत. म्हणाले, गोळी चुकवू नका, झोपा, आणि कुणाशी तरी बोला. घेते हो गोळी. आठवली की घेते. बोलायचं कुणाशी, पण? — आणि तुम्हाला तरी हे कशाला सांगत बसले मी. सांगायचं नव्हतं. विसरा ते.

तुमच्या कोमलच्या लग्नाचं आमंत्रण ना — द्या, अक्षता माझ्याकडे द्या. मी सांगते ह्यांना, जेवणानंतर, जरा मन बरं असलं की. तुम्ही मागल्या दारानं जा, केळींतून वाट आहे, थेट रस्त्यावर —

नाही. थांबा. राहू देत अक्षता तुमच्याकडेच. घरातलं पहिलं लग्न, आणि मुलीच्या बापानं मागल्या दारानं जायचं? मी एकटीनं मध्ये किती उभं राहायचं, भावोजी? पाय दुखतात माझे.

फाटक वाजलं. बसा. उठू नका म्हणते ना.

— अहो, यशवंत भावोजी आलेत. होय, कधीचे आलेत. मीच बसवून ठेवलंय. गोळी? गोळी मेजावर आहे, पाण्याचा पेला तिथंच आहे, आज तुमची तुम्ही घ्या. — माझ्याकडे नका बघू, भावोजी, त्यांच्याकडे बघून बोला. कोंकणीत बोला, मराठीत बोला, ओरडा हवं तर. मी आत जाते. मला जरा पडायचंय.