पोटाला हात लावू नका

माझं माहेर अकोले तालुक्यातलं, डोंगरातलं, भाताचं, आन दिली राहुरीला, उसात. ट्रॅक्टर मी हितं आल्यावर शिकले, मालकांनीच शिकवला. सासू म्हनायची, बाईच्या जातीला शोभतं का हे, मी म्हनायचे, आत्या, उसाला काय पडलीय कोन वाहतंय त्याची.

तर त्या दिवशी, काय सांगू ताई तुम्हाला, मालक ट्रॅक्टर मागं घेत हुते, मी ट्रॉली जोडायला मधी उभी, आन चिखलात चाक घसरलं. मागून ट्रॉलीचा दांडा, पुढून ट्रॅक्टर, मी मधी चेपले, पोटावर. रक्ताचा थेंब न्हाई, नुसतं खरचटलं. चालत घरी आले. सगळे म्हनले, देवानं राखलं. पन मला दरदरून घाम, हातपाय गार, डोळ्यापुढं अंधारी.

सासूनं गंगूआजीला बोलावलं. वस्तीत कुनाची बेंबी सरकली की आजीच चोळती, माझ्या पोरींची पोटं तिनंच चोळलेली, हात लई गुनाचा. आजी कोमट तेल घिऊन बसली, बोट टेकवलं मात्र, माझा जीवच नको म्हनला. झटकला तिचा हात! वाटी उलटी, तेल सांडलं. म्हनलं, पोटाला हात लावू नका, मला नगरला न्या. सासू म्हनली, वडीलधारीचा असा अपमान? म्हनलं, जगले तर अपमानाचं बघू, आधी गाडी काढा.

नगरच्या डाक्टरीनबाई म्हनल्या, पोटातली मोठी शीर फाटलीय, रक्त आतच साठून त्याचा गोळा झालाय, त्यो गोळाच शिरेला दाबून बसलाय म्हनून ही हितवर पोचली. शीर शिवली तरी रक्त झिरपायचं थांबंना, मग कापडाच्या घड्या आत दाबून पोट तसंच झाकून ठिवलं, दोन दिसांनी घड्या काढून टाके घातले. मालक रडायचे, माझ्यामुळं झालं म्हनून. म्हनलं, रडताय काय, फुडच्या टायमाला मागं बघा.

घरी आल्यावर सारी वस्ती म्हनली, आजीची माफी माग. न्हाई मागितली! का मागू? मग एक दिवस आजीच काठी टेकत आली, टाक्यांचा वन बघितला, हात लांबच ठिवला. म्हनली, पोरी, चोळलं असतं तर त्यो गोळा सुटला असता का गं? म्हनलं, व्हय आजी. म्हातारी ढसाढसा रडली, मीबी रडले. आता कुनी पोटाला मार लागून आलं की ती तेलाला शिवत न्हाई, आधी नगर गाठा म्हनती.

सासू अजून म्हनती, ट्रॅक्टरचं नाव काढू नको. मी पोटाला पट्टा बांधते आन चावी फिरवते. म्हनते, आत्या, डाक्टरीनबाईनं शिवलं ते काय दारात बसायला? काल वाटंला आजी दिसली, मी ब्रेक दाबला, तर तिनं मी झटकलेला त्योच हात वर केला आन म्हनली, थांबू नको, चालव.