बाकी एक उरलीच नाही

आदरणीय अध्यक्ष महोदय, प्राचार्य, व्यासपीठावर माझ्या शेजारी बसलेल्या काकू, म्हणजे आमच्या दिवंगत सरांच्या पत्नी, सहकारी आणि विद्यार्थी मित्रहो,

परवानगी असेल तर बसूनच बोलते. दमले आहे.

आताच कुणी म्हणालं, मी एका संख्येला जन्म वाहिला. खरं सांगू? ती मला कधी आवडलीच नाही. आमचे हे म्हणायचे, यापेक्षा सवत परवडली असती. ऐंशी अंकी, विषम. तीनने भाग जात नाही, सातने नाही, अकराने नाही. ती मूळ संख्या आहे, एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानेच भाग जात नाही, असं सरांनी सिद्ध केलं होतं. त्यावर त्यांचं नाव झालं, या विभागाला इमारत मिळाली. मी त्यांची विद्यार्थिनी. ती सिद्धता सोपी करून मांडायची, एवढंच माझं काम.

मांडता मांडता ताळा घेतला. दोनचा घात करायचा, घातांक त्या संख्येहून एकाने लहान, आणि त्याला तिनेच भागायचं. संख्या मूळ असेल तर बाकी एक उरायलाच हवी. उरली नाही. दुसऱ्या यंत्रावर करून पाहिलं. नाही म्हणजे नाही. तिला कशाने तरी भाग जात होता. कशाने, ते मात्र कळत नव्हतं.

घरचे म्हणाले, पाण्यात राहून माशाशी वैर कशाला? सर तेव्हा अंथरुणाला खिळलेले. उशाशी बसून मी सगळं सांगितलं.

"विभाजक सापडला?" त्यांनी विचारलं.

"नाही, सर."

ते म्हणाले, "मी आहे तोवर छाप. नंतर छापलंस तर म्हणतील, म्हातारा मेल्यावर हिला कंठ फुटला."

मी छापलं. थोड्याच दिवसांत ते गेले. पुढचं इथल्या ज्येष्ठांना ठाऊक आहे. चहाच्या वेळी माझ्या शेजारची खुर्ची रिकामी असायची. बढती यायची ती शेजारच्या खोलीत जायची. हिने गुरूला बुडवलं, तेही विभाजक न दाखवता! भाग जातो हे कळायला कशाने जातो ते माहीत असावं लागत नाही, हे गणिताच्याच विभागात किती वेळा समजवायचं? राग नाही. रागालाही अंगात त्राण लागतं.

गेल्या वर्षी कुठल्याशा परक्या देशातल्या दोघांनी विभाजक शोधले. मी गुणाकार करून पाहिला, बरोबर होता. आनंद असा झालाच नाही. चपला घातल्या आणि काकूंकडे गेले. सर गेल्यापासून त्यांनी मला दार उघडलं नव्हतं. त्या दिवशी उघडलं. मी म्हटलं, सापडले.

काकू म्हणाल्या, "हे मला सांगून गेले होते, पोरीचं बरोबर आहे म्हणून. मलाच ऐकायचं नव्हतं."

त्यांना विचारूनच मी हे इथे सांगितलं.

असो. सत्काराबद्दल सर्वांची ऋणी आहे. बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल, तर थकलेल्या बाईचं बोलणं म्हणून पोटात घाला. आणि मला जरा लवकर निघू द्या. काकूंनी आज जेवायला बोलावलंय.