पेतिमातचं गाणं कार्यक्रमात नाही

आजच्या सभेचे अध्यक्ष माननीय चारुदत्तजी, व्यासपीठावरची मान्यवर मंडळी, सत्कारमूर्ती पेतिमात, आणि भर थंडीत पार्किंग शोधून इथवर आलेल्या जर्सी सिटीकर बंधुभगिनींनो!

पेतिमातला शाल दिली, श्रीफळ दिलं, सगळे गोड बोलले. पण ती कोण, हे कुणी सांगितलं का? आपल्या आरतीला अकॉर्डियन वाजवणारी, माझ्या, म्हणजे या शरयूच्या बिल्डिंगमधली बाई. एवढंच ना?

ती चेचन्याची. ग्रोझ्नीवर बॉम्ब पडत होते तेव्हा तळघरात बसून ती गाणी रचायची, स्वतः गायची. त्यांच्या कॅसेटी बाजारात जायच्या, आणि रशियन सैनिकांच्या चौकीवर सापडल्या की बुटाखाली चिरडल्या जायच्या. दोन हजार दोनमध्ये त्याच सैनिकांनी तिच्या भावाला घरातून उचलून नेलं. तो अजून सापडलेला नाही. त्याच्यावर तिने गाणं रचलं, तेव्हा आईनेच घाबरून तिला इकडे धाडलं. आता आई अंथरुणाला खिळलीय, म्हणून परवा ती परत निघालीय. तिथे हे गाणं तोंडातून काढायची सोय नाही. म्हणून तिने आपल्या कमिटीला विचारलं, जाण्याआधी एकदा म्हणू का?

राजीव, तू आमचा सेक्रेटरी. काय म्हणालास? "शरयूताई, फेअरवेल आहे यार, सॅड नको. एखादं भावगीत वाजवू दे, मग डिनर ओपन करू."

अरे, ती काय आपला भाड्याचा ऑर्केस्ट्रा आहे? माझे सासरे गेले, तेव्हा गणपतीच्या आधी हीच माझ्या दारात आली. म्हणाली, "तुमच्या घरात दुःख आहे. मी वाजवलं तर चालेल?" त्यांच्याकडे शेजारी कुणी गेलं असेल तर विचारल्याशिवाय वाद्याला हात लावत नाहीत. युद्धात लग्नाच्या आधी परवानगीसाठी गल्लीतलं जवळजवळ प्रत्येक दार वाजवावं लागे. आणि आपण? मला कंडोलन्सचे ई-मेल आले, रिप्लाय ऑल करून! संताप येतो हो.

राजीव मघापासून घड्याळ दाखवतोय. दाखव बाबा. माझी उरलेली वेळ मी पेतिमातला देतेय. अध्यक्षमहाराज, परवानगी मागत नाही, फक्त सांगतेय.

आपण शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. रागाच्या भरात कमीजास्त बोलले असेन, तर मोठ्या मनाने पोटात घाला. आता कुणी खुर्ची हलवू नका. परवा निघून ती आईपाशी पोचेल, पण हे गाणं आईलाही ऐकवू शकणार नाही.

ये, पेतिमात.