न बसलेला रंग

पोलादपूरला लसीच्या रांगेत मी बाळाला थोपटत बसले होते. मागे घाटातल्या बंगल्याची राखणदारीण आणि पॉलिशवाला बोलत होते.

“मैनावहिनी, लाकडी जमिनीवर सगळीकडे रंग बसला. खिडकीपाशी दोन पावलं तेवढी फिकी राहतात.”

“माझ्या समीक्षाची ती. तेल चोळून तिथंच चालवायची मी तिला.”

“तेल मुरलंय म्हणून तीनदा घासून रंगवलं. दर खेपेला पावलं मोठी होतात गो.”

“केवढी झाली?”

“पाच वर्षांच्या पोरीएवढी.”

“वर्षाची होती रे, गेली तेव्हा. चार वर्षं झाली.”

“रविवारी मालक येतोय. डाग दिसला तर पुढचं काम नाय मिळायचं. त्या फळ्याच बदलतो.”

“फळ्यांना हात लावू नको, भिकू.”

“मग करू काय?”

“घास रे अजून. होऊ दे तिला मोठी.”